उत्तराचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कुसळवाडीत कामावर आले. ग्रामपंचायतीच्या मागची खोली दिली हाय. वर स्लॅब, खाली फरशी, पंखा हाय, मोरी आतच हाय. खिडकीतून तलावाचा बांध दिसतो. मला हात टेकायची खुर्ची दिली. शेहेचाळीस वर्षांची झाले, आजवर कामाच्या जाग्याला उकिडवी न्हाईतर वाकलेली. आज दिवसभर खुर्चीवर बसले तर कंबरेलाच कळंना काय झालं.

दाराशेजारी पाटी ठोकली. 'कुसळवाडी तलाव उंची वाढ. जनतेच्या शंका व चौकशीसाठी संपर्क व्यक्ती : विजयमाला बंकट तांदळे. वेळ १० ते ५.' माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात लग्नाच्या पत्रिकेतबी न्हवतं. चारदा बाहेर जाऊन वाचलं. कोणी बघायला न्हवतं ते बरं.

काम असं हाय. जुना मातीचा बांध फोडून तिथं उंच बांध घालायचा. त्याच्या आधी लोकांचं ऐकून घ्यायचं असा नियम हाय. ३ डिसेंबरला जनसुनावणी. तवर ज्याला जे विचारायचं ते एकाच माणसाला विचारायचं, म्हणजे मला. आदिनाथ साहेब म्हणले, लोक दहा दारं हिंडतेत आन् कोणीच धड सांगत न्हाई, म्हणून एकच माणूस नेमायचा. साहेब सल्लागार कंपनीचे, केजला बसतेत. माझ्या जावयाच्या वयाचे, पण बोलणं नीट. मी आधीच सांगितलं, मी चौथी पास. तर म्हणले, मावशी, तुमी तोंडावर बोलता, आमाला तेच पायजे.

दोन वह्या दिल्या. मोठी वही प्रश्नांची. नाव, गाव, प्रश्न, उत्तर, सही असे रकाने आखलेले. ही दुसरी वही रोज काय झालं ते लिहायला. तुमच्या बोलीत लिहा म्हणले. मग लिहिते.

बंकट जाऊन चार वर्षं झाली. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला मुकादम घेत न्हाई, आन् घेतलं तर कावून घेतलं ते समद्या टोळीला कळतं. म्हणून हे काम धरलं. पण खरं कारण वर्षाराणी. पोरीला आठवा लागलाय. मागचं लेकरू फडातच गेलं, पाचव्या महिन्यात, मोळी उचलताना. आता सासरची समदी तोडीला गेलीत, जावई सत्यमबी गेला. पाली गावातल्या सासरच्या घरात ती एकलीच. पहिलं बाळंतपण माहेरी करतेत, आन् माझ्याकडं माहेर म्हणावं असं घर कधी न्हवतंच. आता हाय. इथून अंबाजोगाईचा मोठा दवाखाना जीपनं जवळ पडतो. महिनाअखेरीला तिला आणते. ह्यावेळी लेकरू हाताला लागलंच पायजे. दुसरं मला काहीच नको.

५ नोव्हेंबर, बुधवार

गावात माणूस न्हाई. दिवाळी झाली की समदं गाव फडावर जातं, पोरंसोरं, कुत्रीसुद्धा. घराघराला कुलूप. राहिलीत ती म्हातारी आन् शेरडं. आन् सुनावणी ठेवलीय आत्ता. गाव नसताना गावाला विचारायचं! साहेबांना फोनवर म्हणलं, तर म्हणले तारीख वरून आली.

पहिला आला तो आसाराम तात्या. सहासष्ट वर्षांचा, काठी टेकत. पाटी वाचून म्हणला, संपर्क व्यक्ती म्हणजे गावाच्या शिव्या खाणारी का? मी म्हणलं हो, पण मला परत द्यायचीबी सवय हाय. लई हसला, दात न्हाईत एकबी. त्यानं विचारलं, शेताला रस्ता राहील का. लिहून घेतलं. साहेबांनी उत्तर दिलं, राहील. लिहिलं. काम सोपं हाय.

दुपारी बाराला बांधावरून बाईचा आवाज आला. खिडकीतून बघितलं. एक म्हातारी बांधावर उभी राहून नावं घेत होती. एक नाव घ्यायची, थांबायची, मान हलवायची, मग दुसरं. ऊन तर असं, की शेरडं सावलीला गेलेली. तात्याला विचारलं तर म्हणला, चंद्रभागाबाई हाय ती, रोजचं हाय तिचं, तुमी तिकडं ध्यान देऊ नका. मी म्हणलं, येडी हाय का? तात्याचं हसणं बंद झालं. न्हाई म्हणला, आन् गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेब आले. वही बघितली. नऊ प्रश्न, त्यात दोघांची उत्तरं कोरी. एकानं विचारलेलं, देवीचं ठाणं कुठं हलवणार. दुसऱ्यानं, काम सुरू असताना धूळ उडंल तिचं काय. साहेब म्हणले, उत्तराचा रकाना कोरा ठेवायचा न्हाई. कंप्युटर कोरा रकाना घेतच न्हाई, अख्खा फॉर्म मागं येतो. मी म्हणलं, उत्तर माहीत नसलं तर काय माझ्या पदरचं लिहू? ते म्हणले, ठरलेलं वाक्य लिहायचं. 'याबाबत संपर्क व्यक्तीकडे जावे', खाली तुमचं नाव.

मी म्हणलं साहेब, तो माणूस माझ्याकडंच आला, मीच त्याला सांगायचं की माझ्याकडं जा? ते हसले. म्हणले, चालतंय मावशी, सगळीकडं असंच करतेत. आन् अजून एक नियम सांगितला. ज्याला वाचता येत न्हाई त्याला उत्तर वाचून दाखवायचं, त्याच्या राहत्या जागी जाऊन. त्याचा रकाना वेगळा हाय.

दोन कोऱ्या जागी तेच वाक्य लिहिलं. अक्षर बरं आलं.

संध्याकाळी वर्षाराणीचा फोन. पोटात लाथा मारतंय म्हणली. मी म्हणलं मारू दे, आजीवर गेलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज चंद्रभागाबाई आली. पंच्याहत्तरच्या पुढची, पण ताठ. धुतलेलं लुगडं नेसून आली होती, लग्नाला निघाल्यासारखी. बसा म्हणलं तर खुर्चीवर बसंना, खाली बसली. म्हणली, बाई, सतरा जणांचे प्रश्न लिहायचे हायत. मी म्हणलं, सतरा जण हायत कुठं? गावात तर दहा टाळकी न्हाईत. म्हणली, बांधात.

मग सांगितलं. सांगताना आवाज एकदाबी वरखाली झाला न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात हा बांध घातला. खायला सुकडी मिळायची म्हणून गावच्या गाव माती टाकायला. ही विशीतली, कामावर पाणी वाटायची. बांधाच्या पोटाशी मुरमाचा खड्डा होता. दुपारची भाकर खाऊन सतरा माणसं खड्ड्यात उतरली, चौदा बाया, तीन गडी. आन् दरड आली. दुपारची हजेरी अजून मांडायची होती. हजेरी मांडणाऱ्या कारकुनानं काय केलं, तर सतराच्या सतरा नावापुढं गैरहजर लिहिलं. जे कामावरच न्हवते ते दबतील कसे? उकरायचं कारणच उरलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर माती टाकायला बाकीचे हजर. पोटं होती ना.

तवापासून रोज बाराला ती बांधावर जाऊन हजेरी घेते. आमाला हजर धरा, एवढंच त्यांचं म्हणणं. नाव घेतलं की बसून राहतेत जागच्या जागी. त्रेपन्न वर्षं. म्हणून ती कधी तोडीला न्हाई गेली, लेकाकडं न्हाई, कुठंच न्हाई. आता बांध फोडणार. मग त्यांनी जायचं कुठं? तेवढं लिहा म्हणली, प्रत्येकाचं वेगळं.

माझं डोकं फिरलं होतं. एकानं असं केलं असंल तर त्याला चौकात उभा करायला पायजे होता. पण तो कारकून मेला कधीच. मी लिहिलं. सतरा ओळी, सतरा नावं, प्रश्न एकच : बांध फोडल्यावर आम्ही कुठं जायचं.

साहेबांना फोन लावला. ते कारमध्ये होते. म्हणले, मावशी, जुन्या गोष्टी हायत, कागदावर असं काही न्हाई. लिहून घ्या, ठरलेलं वाक्य टाका.

मला वर्षाराणीसाठी खाट बघायला जायचं होतं. भरभर लिहून काढलं. 'याबाबत संपर्क व्यक्तीकडे जावे. विजयमाला बंकट तांदळे.' सतरा वेळा. विचारणाऱ्याच्या सहीची जागा तेवढी मोकळी राहिली. हात दुखला.

म्हातारी जागची हलली न्हाई. म्हणली, वाचता येत न्हाई त्यांना. वाचून दाखवायचा नियम हाय ना?

नियम तर हाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. बाराला. म्हातारी मागं उभी राहिली, म्हणली आज तूच वाच पोरी. मी वही उघडून वाचलं. नाव वाचायचं, प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचं. मला वाटलं हसू येईल. आलं न्हाई. वारं पडलेलं होतं. पाणी एकदम तव्यासारखं. प्रत्येक नावानंतर म्हातारी मान हलवायची. सतरावं नाव सुंदरबाई. त्याचं उत्तर वाचलं तवा म्हातारी मान हलवायची थांबली आन् खाली बसली. मी म्हणलं काय झालं? म्हणली काही न्हाई, पाय मोकळे झाले.

'वाचून दाखवले' ह्या रकान्यात सतरा खुणा केल्या. नियमानं केलं समदं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चंद्रभागाबाई गेली. सकाळच्या जीपनं, लेकाकडं, कारखान्यावर. गाठोडं घेऊन मला भेटायला आली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मर्जीनं गाव सोडतेय म्हणली, आन् पोरीसारखी हसली. मी म्हणलं मावशी, बाराची हजेरी कोण घेणार? म्हणली, आता तिथं कोण हाय? माझ्या डोक्यावरून हात फिरवला आन् पाया पडायला वाकली. एवढी म्हातारी, माझ्या पाया. मी हात धरून उठवलं. हात थंड होता, आन् घट्ट.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुनावणीसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात, पन्नास. माझ्याच खोलीत एकावर एक रचून ठेवल्या. साडेबाराला पाणी आणून परत आले तर मांडलेल्या. माझ्या टेबलासमोर, ओळीनं. मोजल्या. सतरा.

तात्याचं काम म्हणून त्याला शिव्या देऊन आले. तो म्हणला मी घरातून हललो न्हाई. खरंच हलला नसंल, गुडघा सुजलाय त्याचा. खुर्च्या परत रचल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परत मांडल्या. आज बसायच्या जागी मुरूम पडलेला. लाल, ओला. झाडून काढला, सूपभर निघाला. मोठ्या वहीत सतरा ओळींच्या सहीच्या रकान्यात अंगठे उमटलेत. लाल. चंद्रभागाबाईनं केले असतील जाण्याआधी. असं समजते.

पण शाई न्हाई ती. बोटानं चोळलं तर खरखर लागतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

केजला गेले, खाट आन् बाळंतपणाचं सामान आणायला. जीपमध्ये मी एकलीच. चढावर जीप चढंना. ड्रायव्हर उतरून चाकं बघितली, मग मला बघितलं. म्हणला, बाई, काय भरलंय? मी म्हणलं मोकळी पिशवी हाय, डोळे फुटलेत का? त्यानं मागं बघितलं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार खाली टेकले होते. म्हणला, ट्रॉलीभर माणसं बसल्यासारखं बसलंय खाली. परत निघताना मला बघून जीप थांबवलीच न्हाई.

स्टँडवर बाकड्यावर बसले. शेजारची बाई उठली, तिच्या पलीकडची उठली. मग समदं बाकडं मोकळं. मोकळं बाकडं, आन् तरी मला अंग चोरून बसावं लागलं. दोन्ही बाजूंनी दाटी.

म्हणजे खोलीत न्हाई ते. माझ्यासंगं हाय. माझ्याकडं या, असं मीच तर सतरा वेळा वाचून दाखवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तात्याला गाठलं. दार लावत होता, पाय आडवा घातला. म्हणलं, खरं सांग, न्हाईतर काठी काढून घेते. मग बोलला.

सुंदरबाई त्याची थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. घरात दाणा न्हवता, म्हणून तशीच माती टाकायला गेली. दबली ती दोन जीवांची. हजेरीत नावं सतरा, पण पोटातल्याची गणती कोणी केलीच न्हाई. बाकीचे सोळा शांत हायत म्हणला. ती न्हाई. तिला बाळंत व्हायचंय.

एकच साल चंद्रभागाबाई आजारी पडून दवाखान्यात होती, बारा दिवस. हजेरी चुकली. ती माणसं गावात फिरली. तवा वस्तीत तीन बाळंतिणी होत्या. तिन्ही लेकरं पुरत्या दिवसांची, धडधाकट. एकबी रडलं न्हाई. डोळे उघडे, आन् तोंडात —

मुरूम.

मी म्हणलं, तुला माहीत होतं. मला पोरगी आणायचीय हेबी माहीत होतं तुला. तात्या रडायला लागला. म्हणला, बाई, मी तेरा वर्षांचा होतो, तिनं जाताना माझ्या हातावर तिच्या वाट्याची सुकडी ठेवली. कोणीतरी तिला जागा द्यावी असं वाटलं.

मी त्याला मारलं. म्हाताऱ्या माणसाला. थोबाडीत मारली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाराणीला फोन केला. येऊ नको म्हणलं. काय झालं म्हणली. मी खरं सांगितलं. ती म्हणली, माय, तुझ्या डोक्यात ऊन गेलंय, एकलीच राहतेस म्हणून होतंय. मी शिव्या दिल्या. ती म्हणली मला नववा लागतोय, मी इथं एकली पडले तर कोण हाय?

बरोबर हाय तिचं. आन् मी तिच्याकडं जाऊबी शकत न्हाई. ते संगं येतील.

२४ नोव्हेंबर, सोमवार

साहेब आले. सतरा खुर्च्या मांडलेल्या बघून म्हणले, वा मावशी, तयारी जोरात. एका खुर्चीवर बसले आन् लगेच उठले. पँट ओली झाली होती मागून. एसी न्हाई म्हणून घाम आला म्हणले. नोव्हेंबरात.

मी म्हणलं ती सतरा उत्तरं खोडायची. ते म्हणले, वर गेलेलं उत्तर खोडता येत न्हाई. मी म्हणलं माझं नाव काढा. ते म्हणले, नाव काढता येत न्हाई, बदलता येतं. तुमच्या जागी दुसरं नाव लागलं की तुमच्याकडचे समदे प्रश्न आपोआप तिच्याकडं जातेत. फक्त बाई पायजे, गावात राहणारी, लिहिता येणारी. कोणी सुचवा.

कोणाचं नाव सांगू? ज्या बाईचं सांगीन तिच्या घरात जातील. तिला सून असंल. तिच्या शेजारणीला असंल. कोणाचंच न्हाई म्हणलं. राहू द्या माझंच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाराला बांधावर गेले. सतरा नावं घेतली, म्हातारीसारखी, थांबून थांबून. या म्हणलं, परत या, इथं बसा, मी रोज येईन हजेरीला, मरेपर्यंत येईन. बांधाकडून काहीच न्हाई. माझाच मोकळा आवाज परत आला.

मग मागून आलं. माझ्या पाठीमागून, अगदी कानाजवळून, एकेकाचं. हाय. हाय. हाय.

ते माझ्या मागंच उभे होते.

२६ नोव्हेंबर

आता दिसतेत. बाराला सुरू होतं, पाचला जातं. येतेत हजेरीच्या वेळेला, जातेत पाटीवरच्या वेळेला. बोलत न्हाईत. केसात मुरूम, पापण्यांवर मुरूम. गुडघ्यावर हात ठेवून बसतेत, सरकारी कामाला आलेल्या गरीब माणसासारखे. मला त्यांचा राग येत न्हाई. तेच वाईट हाय.

ती सतरावी पुढच्या ओळीत. पोटावर दोन्ही हात. मी खाट आणली बाळंतपणाची, तिच्याकडं बघत राहते. खाटेकडं.

२७ नोव्हेंबर

आज ती खाटेवर बसली.

गोधडी शिवून ठेवलीय लेकरासाठी, ती मांडीवर घेतली. वास घेतला.

मी साहेबांना फोन लावला. माझं नाव काढा म्हणलं. ते म्हणले कोणाचं लावू? मी म्हणलं कोणाचंबी लावा. मला काय करायचंय. कोणाचंबी. आत्ताच्या आत्ता.

म्हणलं मी असं. लिहून ठेवते. ऊन न्हवतं डोक्यात, कोणी बोलवून घेतलं न्हाई. माझी पोरगी सुटावी म्हणून मी म्हणलं, कोणाचंबी.

२९ नोव्हेंबर

दोन दिवस साहेब फोन उचलत न्हाईत. वर्षाराणीबी न्हाई.

३० नोव्हेंबर

वर्षाराणीचा फोन. आनंदात होती. माय, तू काळजी करू नको, तू आता आराम कर. साहेबांनी तुझ्या फॉर्मवर माझा नंबर हाय ना, त्याच्यावर फोन लावला होता, तुझी तब्येत बरी न्हाई म्हणले, गावात राहणारी दुसरी बाई सुचवा म्हणले. मी म्हणलं मीच येतेय राहायला, बारावी पास हाय, बसून काम हाय, माझंच —

फोन हातातून पडला.

परत लावला. लागत न्हाई. परत लावला.

साहेबांना लावला. म्हणलं काढा, माझं लावा, तिचं काढा. ते म्हणले झालंय मावशी, एक तारखेपासून लागू. दर वेळी कसं बदलायचं? पोरगी हुशार हाय तुमची. उद्या आमीच सोडतो तिला, गाडीतून, नवीन पाटी घेऊन.

१ डिसेंबर

आसारामकडं गेले. कुलूप. तोबी गेला.

अकरा वाजले. जुनी पाटी अजून हाय. माझं नाव हाय तिच्यावर.

मोठी वही साहेबांकडं गेली. ही हाय. हिच्यातच लिहिते. रकाने आखले हातानं, वाकडे.

बारा. आले.

आज माझ्याकडं तोंड न्हाई कोणाचं. खुर्च्या फिरवल्यात. दाराकडं.

सांडव्यापाशी धूळ उठली. पांढरी गाडी हाय. बांधावरून येतेय —

सतरा उत्तरं लिहिते. वाचून दाखवते लिहिता लिहिता. ऐका. प्रश्न, कुठं जायचं. उत्तर, माझ्याकडं. माझ्याकडंच. मी कुठं न्हाई जात. सोळा जण ऐकतेत. मान हलवली एकीनं. दुसरीनं. हलवा, हलवा —

गाडीचं दार वाजलं. माय म्हणून हाक आली. मी ओ दिली न्हाई.

सतरावी उठली.

बस. बाई, बस खाली. तुझं उत्तर राहिलंय, ऐकून जा. तुलाबी जागा हाय, माझ्या पोटात हाय, रिकामंच हाय ते, गर्भाची पिशवी काढलेली, तिथं ये. तिच्याकडं नको. सुंदरबाई, कुसळवाडी, प्रश्न, कुठं जायचं. उत्तर —

दारात सावली. पोट धरून उभी हाय, हसतेय. आत कोण एवढे बसलेत म्हणतेय. तिला दिसतेत. या म्हणतेय त्यांना, बसा म्हणतेय, इथली संपर्क व्यक्ती आता मी —

उत्तर : सुंदरबाईनं जावं ते विजयमाला बंकट तां